दर शनिवारची सुई आणि “सगळं प्लासिबो” म्हणणारा भाचा

प्रश्न: आम्ही लालबागला राहतो. माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. दोन्ही गुडघे झिजलेत, बीपी आहे. गेलं वर्षभर दर शनिवारी त्या जुन्या फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन ‘ताकदीचं इंजेक्शन’ घेतात, सोबत पुडीतल्या दोन-तीन रंगीत गोळ्या आणतात. महिन्यातून एकदा सलाईन लावून घेतात. इंजेक्शन घेतलं की मंगळवारपर्यंत गुडघ्यांची तक्रार नसते. शनिवारी जेवण छान जातं, पण रात्री झोप लागत नाही. पहाटे चारला उठून ओटा घासत बसतात. बुधवारी पुन्हा “आई गं” सुरू. नणंदेचा मुलगा बी. फार्म. करतोय. तो म्हणतो, “आजीचं सगळं प्लासिबो आहे (म्हणजे त्यात औषध नाही, औषध घेतलं या विश्वासानेच बरं वाटतं), सांगून टाका तिला.” दुसरं म्हणजे, त्यांची बीपीची गोळी टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ अशी एकत्र आहे. ती मागच्या महिन्यापासून आम्ही जनऔषधी दुकानातून आणतो. ती घेतली की गरगरतं म्हणून त्यांनी आठ दिवस बंद केली आहे. म्हणतात, सलाईनने बीपी उतरतंच. त्यांना प्लासिबोचं सांगावं का? इंजेक्शनऐवजी व्हिटॅमिनची गोळी ‘दुखण्याची नवी गोळी’ म्हणून दिली तर? आणि नव्या गोळीने गरगरणं हा मनाचा खेळ समजायचा का?
— एक सून, लालबाग

उत्तर: ताई, तुमच्या भाच्याचा अभ्यास चांगला चाललेला दिसतोय, पण त्याने निकाल जरा घाईने दिला. प्लासिबो म्हणायच्या आधी सिरिंजमध्ये काय भरलं जातं ते बघावं लागतं. तुमच्या पत्रातल्या तीन बारीक गोष्टी एकत्र ठेवून पाहा: आराम तीन-साडेतीन दिवस टिकतो, त्या दिवशी भूक वाढते आणि रात्रीची झोप उडते. नुसत्या बी-कॉम्प्लेक्सने असं सहसा होत नाही. डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडने मात्र नेमकं असंच होतं. त्याचा परिणाम सुईनंतर काही दिवस टिकतो, भूक लागते, अंगात हुरूप येतो आणि पहाटे चारला माणूस ओटा घासायला उठतो. स्टेरॉइडच आहे असं पत्रावरून कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, पण शंका घेण्याइतकं कारण नक्की आहे.

‘ताकदीचं इंजेक्शन’ या नावाखाली मुंबईतल्या दवाखान्यांत साधारण चार गोष्टी दिल्या जातात. बी-कॉम्प्लेक्स पिवळं असतं. ते घेतल्यावर लघवी गडद पिवळी होते आणि पेशंटला वाटतं, औषध लागू पडलं. बी-१२ लालसर असतं. डायक्लोफेनॅक ही दुखणं मारणारी सुई. तिच्या अँप्यूलमध्ये, म्हणजे काचेच्या कुपीत, बहुधा ७५ मिलिग्रॅम असतं आणि अर्ध्या तासात आराम पडतो. आणि चौथं डेक्सामेथासोन, पाण्यासारखं स्वच्छ. यातली दोन एकाच सिरिंजमध्ये मिसळली जातात, तेव्हा रंगावरून काही ठरवू नका. पहिल्या दोघांनी आराम वाटला, तर बी-१२ ची कमतरता नसलेल्या माणसात तो बहुतांशी प्लासिबोच. नंतरच्या दोघांना प्लासिबो म्हणणं धोक्याचं आहे.

धोक्याचं का, तेही सांगते. तुमच्या सासूबाईंच्या बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन आहे आणि लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइडही आहे. त्यात डायक्लोफेनॅक पडलं की मूत्रपिंडावर तिहेरी ताण येतो. बीपीही चढतं आणि गोळीचा असर कमी होतो. स्टेरॉइडने बीपी आणि साखर दोन्ही वाढतात, हाडं ठिसूळ होतात. सुईइतकीच ती पुडीही बघायला हवी, किंबहुना आधी. सुई आठवड्यातून एकदा, पुडीतल्या गोळ्या कदाचित रोज. त्यांच्यावर नाव नाही, स्ट्रिप नाही, म्हणजे त्यात प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आहे की अ‍ॅसिडिटीची साधी गोळी, हे घरात कोणालाच कळत नाही.

या शनिवारी तुम्ही सोबत जा. भांडायला जाऊ नका. “डॉक्टर, आईंना दुसरीकडे कधी अ‍ॅडमिट करायची वेळ आली तर दाखवायला सगळ्या औषधांची नावं एका कागदावर लिहून द्या,” असं म्हणा. यात कोणाचा अपमान नाही आणि हे मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. सुई देताना अँप्यूल समोर फोडायला सांगा, सिरिंजचं पाकीट नवं आहे ना बघा, रिकाम्या अँप्यूलचा मोबाईलवर फोटो घ्या. पुडीऐवजी प्रिस्क्रिप्शन मागा आणि गोळ्या केमिस्टकडून बिलावर घ्या. डॉक्टर नावं सांगायला तयार नसतील तर तेच उत्तर समजा. मग दुसरा डॉक्टर शोधा. परळला केईएम तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, तिथली मेडिसिनची ओपीडी चालेल. तिथे नेतानाही पुडीतल्या गोळ्या सोबत न्या.

स्टेरॉइड निघालं, किंवा शंका फिटलीच नाही, तर एक गोष्ट अजिबात करू नका: आपल्या मनाने सगळं एकदम बंद. वर्षभर बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीराच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल (शरीरातलं नैसर्गिक स्टेरॉइड) बनवायच्या सुस्तावतात. अचानक तोडलं तर उलट्या, कमालीचा अशक्तपणा, बीपी खाली, असं होऊन माणूस आडवा पडू शकतो. हे कमी कसं करायचं ते फिजिशियन ठरवतील; सकाळी आठच्या सुमाराला रक्तातलं कॉर्टिसॉल तपासायला सांगतील. क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), पोटॅशियम, सोडियम, उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) या तपासण्या मात्र नावं कळायची वाट न बघता याच आठवड्यात करून घ्या. चेहरा गोल, सुजल्यासारखा दिसायला लागलाय का, हातावर जरा लागलं की काळंनिळं पडतंय का, हेही बघा आणि डॉक्टरांना सांगा.

आता समजा, चौकशीअंती ते खरोखर बी-कॉम्प्लेक्सच निघालं. मग तीन दिवस आराम कसा?

थोडा आराम दुखण्याच्या स्वभावातून येतो. गुडघेदुखी रोज सारखी नसते, वर-खाली होते. माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखणं शिगेला पोचलं की. तिथून ते बहुधा खालीच येणार, सुई घेतली काय नि नाही घेतली काय. हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरने १९५५ मध्ये १५ अभ्यासांतले हजारावर पेशंट एकत्र करून, सुमारे ३५ टक्क्यांना प्लासिबोने समाधानकारक आराम पडतो, असं मांडलं. तो आकडा आजही भाषणांतून फिरतो. पण आपोआप बरे होणारेही त्याने प्लासिबोच्याच खात्यात जमा केले होते. काहीच न दिलेल्या गटाशी तुलना केल्याशिवाय प्लासिबोने किती केलं ते कळत नाही. २००१ मध्ये कोपनहेगनच्या दोन संशोधकांनी तशी तुलना असलेल्या ११४ चाचण्या तपासल्या. ज्या गोष्टी यंत्राने किंवा डॉक्टरने मोजायच्या, त्यांत प्लासिबोचा म्हणण्यासारखा परिणाम सापडला नाही. पेशंटने स्वतः सांगायच्या गोष्टींत, विशेषतः दुखण्यात, थोडा सापडला.

तो थोडा परिणाम मात्र खरा, शरीरातला. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात अक्कलदाढ काढलेल्या पेशंटवर एक प्रयोग झाला. प्लासिबोने ज्यांचं दुखणं कमी झालं होतं, त्यांना नॅलोक्सोन दिल्यावर दुखणं परत वाढलं. नॅलोक्सोन हे अफूच्या वर्गातल्या औषधांचा परिणाम अडवतं. म्हणजे प्लासिबो घेतल्यावर मेंदूने स्वतःच त्या जातीची वेदनाशामक द्रव्यं सोडली होती. तेव्हा सासूबाई “बरं वाटतं” म्हणतात ते ढोंग नाही. “आजी नाटक करते” असा सूर घरात निघत असेल तर तो आधी बंद करा.

आणि दवाखान्यात त्यांना औषधाशिवाय काय मिळतं तेही मोजा. बोस्टनमध्ये २००८ साली पोटाच्या जुन्या तक्रारीचे, आयबीएसचे, २६२ पेशंट तीन गटांत वाटले. पहिला गट नुसता यादीत थांबला. दुसऱ्याला खोट्या सुयांचं अ‍ॅक्युपंक्चर मिळालं, पण डॉक्टर मोजून-मापून बोलले. तिसऱ्याला त्याच खोट्या सुया, शिवाय पहिल्या भेटीत ४५ मिनिटं आस्थेने विचारपूस. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम सांगणारे अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्के निघाले. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात फरक होता तो फक्त कोणीतरी नीट बसून ऐकण्याचा. शनिवारी नवी साडी नेसून बाहेर पडणं, बाकावर ओळखीच्या बायका भेटणं, कंपाउंडरने “या काकू” म्हणणं, डॉक्टरांनी गुडघ्याला हात लावून पाहणं, हे सगळं त्या सुईत धरलेलं आहे.

सलाईनचं थोडक्यात. ०.९ टक्क्यांच्या अर्ध्या लिटर बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत मीठ खायला सांगते. म्हणजे बीपीच्या बाईला आपण दिवसभराचं मीठ थेट शिरेत देतोय. बाटली पाच टक्के डेक्स्ट्रोजची असेल तर त्यात २५ ग्रॅम साखर, शंभराच्या आत कॅलरी. ताकद म्हणायची तर एवढीच. तोंडाने खाता-पिता येणाऱ्या माणसाला सलाईनची गरज नसते. ते लावल्यावर बीपी उतरलेलं दिसतं, कारण त्या तास-दीड तास पंख्याखाली निवांत पडलेल्या असतात. घरी आडवं पडूनही तेवढं उतरेल, आणि पुन्हा चढेल.

बीपीच्या बाबतीत प्लासिबोवर एक दिवसही विसंबू नका. का, ते दम्याच्या एका चाचणीत लख्ख दिसतं. २०११ मध्ये ३९ दमेकऱ्यांना आळीपाळीने खरा पंप, खोटा पंप, खोटं अ‍ॅक्युपंक्चर आणि काहीच नाही, असं देऊन पाहिलं. किती बरं वाटलं विचारल्यावर खऱ्या पंपाला ५० टक्के सुधारणा सांगितली गेली, खोट्या पंपाला ४५, खोट्या सुयांना ४६, जवळजवळ सारखंच. फुंकर मारायच्या यंत्रावर मात्र खऱ्या पंपाने फुप्फुसाची ताकद २० टक्क्यांनी वाढली आणि बाकी सगळ्यांत सातच्या आसपास, काहीच न देण्याइतकीच. खोट्या पंपावर खूश असलेला दमेकरी रात्री दोन वाजता अडचणीत येऊ शकतो. बीपी तर त्याहून फसवं, कारण ते वाढलेलं बहुतेकांना जाणवतच नाही. गुडघ्याच्या बाबतीत पेशंट सांगेल ते प्रमाण. बीपीच्या बाबतीत यंत्र सांगेल ते.

आता गरगरणं. नुकसान होणार या अपेक्षेनेच त्रास सुरू होणं याला नोसिबो म्हणतात आणि तेही खोटं नसतं. लंडनमध्ये २०२० च्या सुमाराला कोलेस्टेरॉलची स्टॅटिनची गोळी त्रासामुळे सोडलेल्या ६० जणांवर वर्षभर प्रयोग झाला. काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी खोटी, काही महिने काहीच नाही. आणि रोज त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे. गोळी नसताना सरासरी ८, खोट्या गोळीवर १५.४, खऱ्या गोळीवर १६.३. त्रासाचा मोठा हिस्सा गोळी ‘घेण्याचा’ होता, गोळीतल्या औषधाचा नव्हता. आपापले गुण बघितल्यावर निम्म्या लोकांनी ती गोळी पुन्हा सुरू केली. रंग बदलला, आकार बदलला, शेजारणीने “स्वस्तातली गोळी कसली लागू पडते” म्हटलं, एवढं नोसिबोला पुरतं. सासूबाईंच्या बाबतीत असं असू शकेल.

पण इथेही शेवटचा क्रमांक मनाचा. आधी जुन्या गोळ्यांचा डबा उघडा. ब्रँड बदलल्यावर घरोघरी होणारी चूक म्हणजे स्ट्रिपवरचं नाव वेगळं दिसतं म्हणून जुनी आणि नवी, दोन्ही घेतल्या जातात. डबल डोसने कोणीही गरगरेल. उरलेल्या जुन्या गोळ्या मोजा, मग हिशेब लागेल. गोळी बंद केल्यावर गरगरणं थांबलं का, तेही विचारा. थांबलं नसेल तर गोळीवर आळ घेण्यात अर्थ नाही. डॉक्टरांनी गोळी परत सुरू केली की उभं राहून बीपी बघा. पाच मिनिटं आडवं झोपवून एकदा मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला तर गरगरणं अगदी खरं, डोस बदलावा लागेल. उभं करताना शेजारी धरायला कोणीतरी असू द्या.

गोळी स्वतःच्या मनाने सुरू-बंद करायची नाही. आठ दिवस झालेत, तेव्हा आजच बीपी मोजून डॉक्टरांना फोन करा. मोजायची पद्धत: दंडावर बांधायचं यंत्र, मनगटाचं नको. अर्धा तास आधी चहा नाही. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसायचं. दंड छातीच्या पातळीवर, टेबलावर टेकलेला. ब्लाऊजची घट्ट बाही वर सरकवून पट्टा बांधला तर आकडा चुकतो. ढगळ गाऊन घातलेला असताना मोजा. सकाळी गोळीआधी दोनदा, मिनिटभराच्या अंतराने, आणि संध्याकाळी दोनदा, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी डॉक्टरांना दाखवा. आकडा १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, असं काही दिसलं तर फोनाफोनीत वेळ घालवू नका, १०८ लावा.

जनऔषधीची गोळी नापसंतच राहिली, तर जुन्या ब्रँडवर परत जायला हरकत नाही. महिन्याचे थोडे पैसे वाचवण्यापेक्षा त्यांनी रोज गोळी घेणं महत्त्वाचं. फक्त दर महिन्याला कंपनी बदलू नका.

व्हिटॅमिनची गोळी ‘नवी पेनकिलर’ म्हणून देऊ नका. तुमचा हेतू चांगला आहे, पण उद्या त्या हॉस्पिटलात गेल्या आणि “मी दुखण्याची अमुक गोळी घेते” म्हणाल्या, तर डॉक्टर त्या खोट्या यादीवर निर्णय घेतील. शिवाय भाचा एखाद्या सणाला बोलून जाणारच. मग पुढची खरी गोळीही त्या तुमच्या हातून घेणार नाहीत. फसवणूक करावीच लागते असंही नाही. २०१० मध्ये आयबीएसच्याच ८० पेशंटना, “या प्लासिबो आहेत, यात औषध नाही, पण अशा गोळ्यांनी आराम पडू शकतो” असं स्पष्ट सांगून तीन आठवडे गोळ्या दिल्या. पुरेसा आराम सांगणारे ५९ टक्के, काहीच न घेतलेल्यांत ३५. लहान चाचणी होती, आणि पेशंट अशा प्रयोगाला आपणहून तयार झालेले होते, तेव्हा त्यावर घर बांधू नये. पण खोटं बोलण्याला तेवढं तरी उत्तर आहे.

सासूबाईंना “सगळं प्लासिबो आहे” हे वाक्य ऐकवण्यातून काही निघणार नाही. त्यांना ते “तुमचं दुखणं खोटं” असंच ऐकू येईल. सांगायचं ते एवढं: “आई, दुखणं खरं आहे. त्या सुईत बीपीला बाधणारं काही आहे का ते बघूया, आणि रोज आराम पडेल असं काही करूया.”

मग शनिवार तोडू नका. दवाखाना राहू दे, फक्त सुई थांबवायला फिजिशियनने होकार दिला की तिची जागा बीपी तपासण्याला आणि गुडघा दाखवण्याला द्या. नाव, डोस आणि कारण लिहिलेला कागद पिशवीत असू दे. घरी खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ करायचा, मांडी आवळून पाच सेकंद धरायचा, सावकाश खाली. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो दाबायचा व्यायामही तसाच. एक-दोनदा फिजिओथेरपिस्टकडून बसवून घ्या. हे व्यायाम झिजलेल्या गुडघ्याला उपयोगी पडतात. डायक्लोफेनॅकचं जेल गुडघ्याला चोळलं तर रक्तात फार थोडं उतरतं, म्हणून गोळी-सुईआधी तेच, पण क्रिएटिनिनचा रिपोर्ट डॉक्टरांनी पाहिल्यावर. शेक १५ मिनिटं, कापडातून. व्यायामाचा परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि दुसऱ्याच आठवड्यात “यापेक्षा सुई बरी” ऐकू येईल. त्यासाठी पहिल्या दिवसापासून कॅलेंडरवर रोज रात्री आठ वाजता दुखण्याला दहापैकी गुण लिहायला त्यांनाच सांगा. जेल तुम्ही किंवा नातवंडांनी रोज ठरल्या वेळी, शेजारी बसून लावा. दवाखान्यात आठवड्यातून दहा मिनिटं मिळायची ती विचारपूस अशी घरी रोज मिळेल, आणि तिच्यासाठी खोटं बोलावं लागणार नाही.

भाच्याला एक काम द्या: पुडीतल्या गोळ्यांवर काही कोरलेलं असेल तर ते भिंगातून वाचून, फोटो काढून शनिवारच्या आत तुमच्याकडे द्यायचं.